मी फक्त पुढे पाठविलं

काही वर्षांपूर्वी आगमनकाळाच्या दिवसांत एका सायंकाळी एक मध्यमवयीन बाई आमच्या निवासाच्या पडवीत येऊन बसल्या. खांद्याला कापडी पिशवी, तिच्यात पावतीपुस्तके. एका अनाथाश्रमासाठी गावोगाव फिरून धान्य, जुने कपडे व वर्गणी गोळा करणे हे त्यांचे बारा वर्षांचे काम. देणगीसाठी आल्या असतील असे समजून आम्ही खिशात हात घातला. त्यांनी मान हलविली आणि आपला मोबाईल आमच्यापुढे धरला. पडद्यावर त्यांचेच छायाचित्र होते. खाली मजकूर होता, तो असा की ही बाई अनाथ मुलांच्या नावाने लोकांना फसविते, हिला दारात उभी करू नका, सर्वांना कळवा. हा मजकूर ज्यांच्याकडून आला त्यांचे नाव वर दिसत होते. ते आमचे होते.

"लिहिलं कोणी ते मला ठाऊक नाही, फादर," त्या म्हणाल्या, "पण लोक म्हणतात, फादरांनी पाठवलंय म्हणजे खरंच असणार."

तो मजकूर आम्ही लिहिला नव्हता. दोन महिन्यांपूर्वी एका परिचिताने तो आम्हांला धाडला आणि धर्मग्रामातील एकटी राहणारी वृद्ध माणसे फसू नयेत म्हणून आम्ही तो चार गटांवर पुढे पाठविला. सारे मिळून अर्ध्या मिनिटाचे काम. त्या अर्ध्या मिनिटाने एका प्रामाणिक बाईला दोन महिने दारोदारी अपमान सोसावा लागला आणि आश्रमातील मुलांचा नाताळ जवळजवळ रिकामा गेला. हे सारे ऐकल्यावर आमच्या तोंडून जे पहिले वाक्य बाहेर पडले ते आजही आम्हांला लाजविते. आम्ही म्हणालो, "बाई, मी फक्त पुढे पाठविलं."

त्या वाक्यातील 'फक्त' या शब्दाचा विचार आम्ही तेव्हापासून करीत आहोत. योगायोग असा की आपल्या देशातील न्यायालयेही गेली काही वर्षे याच शब्दाशी झगडत आहेत. लिहिणारा दोषी, हे कोणालाही समजते. पण ज्याने लिहिले नाही, केवळ पुढे ढकलले, त्याचे काय? आणि ज्याने ढकललेही नाही, नुसती 'आवडले' अशी खूण केली, त्याचे?

आपल्या भागातील वाचकांना पालघरची घटना आठवत असेल. नोव्हेंबर २०१२ मध्ये बाळासाहेब ठाकरे यांचे निधन झाले आणि मुंबई बंद राहिली. त्या बंदविषयी एका तरुण मुलीने फेसबुकवर चार ओळी लिहिल्या. तिच्या मैत्रिणीने त्यांखाली पसंतीची खूण केली. दोघींनाही अटक झाली. पहिलीच्या काकांच्या दवाखान्याची मोडतोड झाली. पुढे ते प्रकरण बंद करण्यात आले, परंतु ज्या कायद्याचा त्यात आधार घेतला गेला त्या माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६अ विरुद्ध दिल्लीतील कायद्याची एक विद्यार्थिनी, श्रेया सिंघल, सर्वोच्च न्यायालयात गेली. या कलमान्वये संगणकावरून वा मोबाईलवरून 'चीड आणणारा' किंवा 'गैरसोय करणारा' मजकूर धाडल्यास तीन वर्षांपर्यंत तुरुंगवास होऊ शकत असे. चीड कोणाला कशाने येईल याला काही माप आहे काय? आमच्या रविवारच्या प्रवचनानेही काहींना चीड येते. २४ मार्च २०१५ रोजी न्यायालयाने ते कलम घटनाबाह्य ठरवून रद्द केले. चर्चा करणे, एखाद्या मताचा पुरस्कार करणे आणि लोकांना चिथावणे या तीन निरनिराळ्या गोष्टी असून बोलणे चिथावणीच्या पायरीवर पोहोचल्याखेरीज शासनाने त्याला हात घालू नये, असा त्या निकालाचा गाभा आहे. (रद्द झालेले हे कलम पोलीस ठाण्यांतून पुढेही कित्येक वर्षे वापरले जात राहिले आणि ऑक्टोबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला ते पुन्हा बजावून सांगावे लागले. कायदा मरतो, त्याची सवय मरत नाही.)

त्या निकालाचे आम्ही मनःपूर्वक स्वागत केले होते आणि आजही करतो. अल्पसंख्य समाजाला मोकळ्या वाणीची किंमत इतरांहून अधिक ठाऊक असावी लागते. परंतु शासनाने एक दार मोकळे सोडले म्हणजे त्या दारातून जे जे जाते ते सारे निर्दोष ठरते, असा एक समज आपल्यात रुजत चालला आहे. 'कायद्यात बसते ना?' एवढे विचारून आपण थांबतो.

पुढे पाठविणाऱ्याविषयी न्यायालये काय म्हणाली ते पाहण्याजोगे आहे. २०१८ साली चेन्नईतील एका नटाने, जो माजी आमदारही होता, महिला पत्रकारांविषयीचा एक अत्यंत गलिच्छ मजकूर फेसबुकवर सर्वांसाठी पुढे टाकला. मजकूर दुसऱ्याचा होता. गदारोळ होताच त्याने तो काढून टाकला, क्षमाही मागितली. त्याचा बचाव असा होता की डोळ्यांत औषध घातलेले असल्यामुळे त्याने तो वाचलाच नव्हता! मद्रास उच्च न्यायालयाने २०१८ मध्येच म्हटले की मजकूर पुढे पाठविणे म्हणजे तो स्वीकारणे व त्याला दुजोरा देणे होय. २०२३ साली त्याच न्यायालयाने अशा मजकुराला धनुष्यातून सुटलेल्या बाणाची उपमा दिली, आणि ऑगस्ट २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही त्याला दिलासा नाकारला. डोळ्यांत औषध घालून आपणांपैकी किती जण बोटे चालवीत असतात, हा प्रश्न आम्ही स्वतःला विचारला तेव्हा उत्तर सुखद नव्हते. आम्हीही त्या बाईंचे छायाचित्र पाहिले होते. त्या खरोखर कोण, हे विचारण्यासाठी एक दूरध्वनी पुरला असता.

याउलट एप्रिल २०२५ मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाने असे ठरविले की एखाद्या मजकुराला पसंतीची खूण करणे म्हणजे तो प्रकाशित वा प्रसारित करणे नव्हे. तो पुन्हा आपल्या नावाने टाकणे मात्र प्रसारण ठरू शकेल. पालघरच्या त्या दुसऱ्या मुलीला हे उत्तर मिळण्यास बारा वर्षांहून अधिक काळ लागला. आपल्या मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ साली गोंदियाच्या एका प्रकरणात सांगितले की व्हॉट्सॲप गटातील एखाद्या सभासदाने आक्षेपार्ह मजकूर टाकला, तर तेवढ्यावरून गटाचा चालक गुन्हेगार ठरत नाही. त्यामागे संगनमत वा आधी ठरलेला बेत दिसला पाहिजे. अनेक धर्मग्रामांतील गट चालविणाऱ्या आमच्या बंधूंनी तेव्हा सुटकेचा निःश्वास टाकला असेल! खुद्द त्या बड्या कंपन्यांना तर कायद्याने 'मध्यस्थ' असे सौम्य नाव देऊन, काही अटींवर, जबाबदारीतून मोकळे ठेवले आहे. २०२१ च्या नव्या नियमांनी मोठ्या संदेशवाहक कंपन्यांवर असे बंधन घातले की गंभीर गुन्ह्यांच्या बाबतीत आदेश आल्यास मजकुराचा 'पहिला जनक' कोण ते शोधून द्यावे. तसे केल्यास प्रत्येकाचे खाजगी बोलणे उघडे पडेल, असे म्हणून व्हॉट्सॲप त्याविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात गेले. त्या वादात शिरण्याचे हे स्थळ नव्हे. आमचे लक्ष त्या दोन शब्दांनी वेधून घेतले: पहिला जनक.

पहिल्याला शोधावे, ही मानवाची फार जुनी खोड आहे. उत्पत्तीच्या तिसऱ्या अध्यायात परमेश्वर एदेन बागेत चौकशी करतो तेव्हा आदाम हव्वेकडे बोट दाखवितो, एवढेच नव्हे तर ती स्त्री तूच मला दिलीस असे सुनावून खुद्द देवाकडेही दाखवितो. हव्वा सर्पाकडे बोट दाखविते. दोघांचेही म्हणणे वस्तुतः खोटे नव्हते. फळ खरोखरच सर्पाकडून हव्वेकडे आणि हव्वेकडून आदामाकडे आले होते. आजच्या भाषेत बोलायचे तर आदामाने ते निर्माण केले नव्हते, त्याच्यापर्यंत ते केवळ पोहोचले होते. आणि 'पहिला जनक' अगदी सहज सापडला होता. तरीही परमेश्वराने सर्पाशी बोलून चौकशी आटोपती घेतली नाही. तो तिघांशीही बोलला आणि ज्याचा त्याला वेगळा हिशेब दिला. सेमिनरीत असताना हा उतारा आम्ही आदिपापाच्या संदर्भात कित्येकदा अभ्यासला. त्यातील ही साखळी मात्र त्या पडवीतल्या सायंकाळीच प्रथम डोळ्यांत भरली.

ही साखळी कोठवर जाते, हे महाराष्ट्राने १ जुलै २०१८ रोजी पाहिले. धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यात राईनपाडा नावाचे आदिवासी गाव आहे. आठवड्याच्या बाजाराच्या दिवशी नाथपंथी डवरी गोसावी या भटक्या समाजाचे पाच पुरुष भिक्षा मागत तेथे आले. मुले पळविणारी टोळी फिरते आहे असे मजकूर त्या भागात मोबाईलवरून कित्येक दिवस फिरत होते. जमावाने त्यांना मुले पळविणारे समजून ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडले व ठेचून मारले. भिक्षा मागणे हीच ज्यांची पिढ्यान्‌पिढ्यांची वाट, त्यांचा परकेपणा हाच पुरावा ठरला. दोन वर्षांनी, एप्रिल २०२० मध्ये, आपल्याच पालघर जिल्ह्यातील गडचिंचले येथे दोन साधू व त्यांचा चालक अशाच अफवेचे बळी झाले.

ज्यांनी काठ्या उगारल्या त्यांच्यावर खटले झाले, ते योग्यच. पण ज्या शेकडो जणांनी तो मजकूर 'काळजीपोटी' पुढे पाठविला ते कोठे आहेत? ते आपापल्या घरी आहेत. त्यांतील कित्येक आई-वडील असतील, कित्येक शिक्षक. त्यांनी कोणाला मारले नाही, मारा असेही म्हटले नाही. त्यांनी मुलांची काळजी केली. २०१८ मध्ये देशभर फिरलेल्या अशा चित्रफितींपैकी एक तर मुळात कराचीत मुलांच्या सुरक्षिततेविषयी जनजागृतीसाठी काढलेली होती. मोटारसायकलवरील दोघे मूल उचलून नेतात आणि लगेच परत आणून सोडतात, सोबत पालकांना सावध करणारा फलक दाखवितात. कोणीतरी शेवटचा भाग कापला. मुलांना जपण्यासाठी केलेली गोष्ट माणसे मारण्याच्या कामी आली. कापणारा एकच असेल. पुढे पाठविणारे लाखो. कापणाऱ्याच्या दुष्टपणाला त्या लाखोंच्या चांगुलपणाचे पाय मिळाले नसते तर तो आपल्या घरातच कुजून गेला असता.

म्हणूनच सद्हेतूचे समर्थन आम्हांला पुरेसे वाटेनासे झाले आहे. हेतू शुद्ध असणे आवश्यक आहे, असे आपले नीतिशास्त्र सांगते, पण ते तेथे थांबत नाही. जे जाणून घेणे आपल्या हाती होते आणि जाणून घेण्याचे कर्तव्य होते, ते न जाणणे हेही दोषास्पद अज्ञान होय. डोळ्यांतील औषधाचा बचाव नीतिशास्त्राच्या न्यायालयातही टिकत नाही.

मजकूर खरा असेल तर? हा प्रश्न अधिक कठीण आहे आणि आपल्या घरांत तो अधिक वेळा उद्भवतो. अमक्याच्या मुलीने काय केले, तमक्याचे लग्न का मोडले, कोण कोठे पकडला गेला. सारे खरे, पुरावा म्हणून छायाचित्रही जोडलेले! आठव्या आज्ञेचे विवेचन करताना १९९२ च्या कॅटेकिझमने खोटा आळ घेणे आणि योग्य कारणावाचून दुसऱ्याचे खरे दोष उघडे करणे, ही दोन स्वतंत्र पापे मानली आहेत. भारतीय फौजदारी कायद्यातही, प्रथम १८६० च्या दंडसंहितेत आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ मध्ये, अब्रुनुकसानीच्या बाबतीत 'खरे आहे' एवढ्याने सुटका होत नाही. ते सांगणे लोकहिताचे होते हेही दाखवावे लागते. आपले पुष्कळ लोक हे ऐकून चकित होतात. सत्य बोलल्यावरही दोष? होय. शेजाऱ्याचे नाव ही त्याची मालमत्ता आहे आणि आपल्यापाशी तिची किल्ली आहे म्हणून ती आपली होत नाही. याचा अर्थ अन्याय झाकावा असा मुळीच नव्हे. अत्याचार करणाऱ्याविरुद्ध, मग तो धर्मगुरू का असेना, बोलणे हे कर्तव्य आहे. ख्रिस्तसभेने गप्प राहण्याची किंमत बळींना मोजायला लावली, हे आम्ही शरमेने जाणतो. पण तशी तक्रार ज्याला काही करता येईल त्याच्याकडे जाते. कुजबूज मात्र नेमकी अशांकडे जाते ज्यांना काहीही करता येणार नाही, केवळ चघळता येईल.

संत थॉमस अक्वायनस यांनी परतफेडीच्या प्रकरणात हा विषय व्यवहारी माणसासारखा हाताळला आहे. चोरी केलेली वस्तू परत द्यावी लागते, मग हिरावलेले नाव कसे परत द्यावे? खोटे बोलून हिरावले असेल तर 'मी खोटे बोललो' अशी कबुली द्यावी. खरे पण अन्यायाने बोलून हिरावले असेल तर आता 'ते खोटे होते' असे म्हणता येणार नाही, कारण एका पापाची भरपाई दुसऱ्या पापाने होत नाही. तेथे 'मी त्याच्यावर अन्याय केला' असे तरी म्हणावे. आणि नाव परत देणे शक्यच नसेल तर अन्य मार्गाने त्या माणसाचे ऋण फेडावे. नुसत्या पश्चात्तापाने पाप क्षमा होईल, ऋण फिटणार नाही. सेमिनरीतल्या बाकावर हे आम्हांला परीक्षेपुरते पाठ होते.

संत फिलिप नेरी यांनी चहाडखोर बाईला कोंबडीची पिसे वाटेवर उधळून मग ती गोळा करण्याचे प्रायश्चित्त दिले, ही कथा धर्मशिक्षणाच्या वर्गात आपण सर्वांनी ऐकली आहे. त्या कथेतील पिसे तरी मोजकी होती आणि वाऱ्याला हेतू नव्हता. आजच्या पिसाचे प्रत्येक अंगणात पाच पिसे होतात. जुलै २०१८ नंतर व्हॉट्सॲपने भारतात एका वेळी पाचच ठिकाणी मजकूर पुढे धाडता येईल अशी मर्यादा घातली. एप्रिल २०२० मध्ये अनेकदा फिरलेल्या मजकुरासाठी ती एकावर आणली आणि अशा मजकुरांचा प्रवास सुमारे ७० टक्क्यांनी घटल्याचे सांगितले. बोटाला एक क्षण थांबावे लागले, एवढाच काय तो फरक.

हातांना लागणाऱ्या वेळाचा विचार करताना आम्हांला फादर थॉमस स्टीफन्स यांचे क्रिस्तपुराण आठवते. १६१६ मध्ये गोव्यात ते प्रथम छापले गेले. १६४९ व १६५४ मध्येही छापले गेले. परंतु त्या छापील प्रती आज उपलब्ध नाहीत. ग्रंथ वाचला तो हस्तलिखितांमुळे, आणि १९०७ साली मंगळूरला सालढाणा यांनी त्याची नवी आवृत्ती काढली तीही हस्तलिखितांवरून. पिढ्यान्‌पिढ्या कोण्या अनामिकांनी हजारो ओव्या हाताने उतरवून काढल्या. तेही पुढे पाठविणारेच होते! त्यांनी स्वतःचे नाव बहुधा घातले नाही, कर्त्याचे मात्र पुसले नाही. आपण नेमके उलटे करतो. कोणाची कविता, कोणाचे गीत, कोणाचे चिंतन. खालचे नाव खोडून ते सकाळच्या शुभेच्छांसह धाडतो. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याने खऱ्याखुऱ्या धार्मिक विधीत गीत गाण्याला मोकळीक दिलेली आहे, त्यामुळे मिस्सेतील गायनवृंदाने घाबरण्याचे कारण नाही. पण गीतांची पुस्तिका परवानगीवाचून छापणे त्या सवलतीत येत नाही, आणि कलम ५७ नुसार आपली कृती आपल्या नावाने ओळखली जावी हा कर्त्याचा हक्क तर हक्क विकल्यावरही उरतो. येथेही नावच हिरावले जाते, फक्त बोभाटा होत नाही.

मग शासनानेच खरेखोटे ठरवून द्यावे काय? तसा प्रयत्नही झाला. एप्रिल २०२३ मध्ये केंद्र सरकारने आपल्या कारभाराविषयीचा कोणता मजकूर खोटा हे ठरविणारी स्वतःचीच यंत्रणा नेमण्याची तरतूद केली. मुंबई उच्च न्यायालयात दोन न्यायमूर्तींचे मतभेद झाले आणि २० सप्टेंबर २०२४ रोजी तिसऱ्या न्यायमूर्तींच्या मताने ती तरतूद घटनाबाह्य ठरली. आमच्या मते हे उचित झाले. ज्याच्याविषयी बोलले जाते त्यानेच बोलण्याचा न्याय करावा, हे कोणालाही पटण्यासारखे नाही. परंतु त्यामुळे ते ओझे जेथे होते तेथेच, म्हणजे आपल्या हातात, परत आले आहे. कायदा जितका मागे सरकतो तितकी सदसद्विवेकबुद्धीला पुढे यावे लागते. ती आली नाही तर कायदा पुन्हा पुढे येतो, आणि तो येतो तेव्हा पालघरच्या त्या दोन मुलींच्या दारात येतो.

त्या बाईंचे पुढे काय झाले, हे विचारण्याचा वाचकांना हक्क आहे. त्याच रात्री आम्ही चारही गटांवर चूक कबूल करणारा मजकूर टाकला. पहिला मजकूर ज्या वेगाने गेला त्याच्या पासंगालाही हा पुरला नाही. आमच्या चुकीत कोणाला फारसा रस नव्हता. मग नाताळनंतर आम्ही एक वही केली आणि गटांतील नावे पाहून, एकेका आळीतून, त्या बाईंना बरोबर घेऊन घरोघर जाऊ लागलो. दारात उभे राहून 'मी खोटी गोष्ट पाठविली, यांची क्षमा मागायला आलो आहे' असे म्हणणे प्रवचनपीठावरून म्हणण्यापेक्षा बरेच जड जाते. काहींनी चहा दिला. काहींना तो मजकूर आठवतही नव्हता, आणि आमच्या येण्याने तो आठवला, हेही नमूद केले पाहिजे. एका घरी वयस्क गृहस्थ बराच वेळ खाली मान घालून बसले. मग म्हणाले, "फादर, मी तो माझ्या तीन मुलींना पाठवला होता. त्यांच्या सासरी." त्यांनी चष्मा शोधला, आमच्यासमोरच थोरलीला फोन लावला आणि ती उचलीपर्यंत एक शब्दही बोलले नाहीत.

वहीतील काही घरे अद्याप राहिली आहेत.